श्वास वीस

आमच्या वॉर्डात सगळ्यांचा श्वास वीस असतो.
ताप मोजतात, बीपीचा पट्टा आवळतात,
बोटाला लाल दिव्याचा चिमटा लावतात
आणि शेवटच्या रकान्यात, न बघता, वीस.
मीही लिहिलेत. बावीस वर्षांत किती,
त्या रजिस्टरांना वाळवी लागली म्हणून सुटले.

रात्री साडेबारा. बेड नंबर चार.
तुळसाबाई निकुरे, तिच्या मते साठ,
आधारकार्डावर एकाहत्तर.
दोन दिवस ताप होता. आज नाही.
"बरी आहो जी मी. सकाळी सुट्टी द्या,
बांधीतलं निंदन राहिलं."

पाच नंबरवर पोट धरून
एक तरणा पोरगा बोंबलत होता
आणि त्याचे तीन भाऊ माझ्या टेबलाभोवती,
"आमच्या माणसाकडे कोणी पाहते का नाही?"
पाहिलं होतं. पोट मऊ, नाडी संथ,
बोंबलायला पुरेल एवढा श्वास होता त्याच्याकडे.
त्याचं इंजेक्शन प्रणोतीला सांगितलं,
शिव्या खाल्ल्या,
आणि तुळसाबाईच्या खाटेवर टेकले.

तिचं मनगट धरलं, नाडी बघतेय असं दाखवत.
श्वास मोजतात हे कळलं
की माणूस तो नीट घ्यायला लागतो,
फोटोआधी बाया पदर सावरतात तसा.

सेकंदकाटा. पंख्याची खरखर. पाच नंबरचं माय वो, माय वो.
लुगड्याच्या काठावरचं एक पिवळं फूल
वर. खाली. वर.
अर्ध्या मिनिटाला सतरा.
दुप्पट करून उठता आलं असतं.

कवडू वाढईचा मी वीस लिहिला होता.
अकरा साली. त्याच्या कागदावर
तो अजून वीसच आहे.

छत्तीस.
चादर वर केली. गुडघ्यांवर जांभळट जाळी,
पावलं धुतलेल्या भांड्यासारखी गार.

डॉक्टर बोरकुटेंना फोन.
"बीपी?" शंभर-साठ.
"ऑक्सिजन?" त्र्याण्णव.
"ताप?" नाही, सर.
"मग, सिस्टर?"
ह्या "मग"पाशी कितीदा अडकलेय मी.
तिथे एक भारी शब्द लागतो
आणि माझ्याकडे होतं एक पिवळं फूल.
"श्वास छत्तीस. गुडघे जांभळे.
मी स्वतः मोजलाय, सर. पूर्ण मिनिट."
पलीकडे खाट करकरली.
"ऑक्सिजन लावा, पहिला डोस काढा, गाडी बोलवा. येतो मी."

मुलगा आडवा झाला.
"ताप उतरला, बोलून राहिली माय,
चंद्रपूर कायले?"
सांगण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं.
घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं. मोज.
त्याने मोजलं.
अर्ध्यातच घड्याळ परत केलं
आणि खाटेखाली चपला शोधू लागला.

गेडाम ड्रायव्हरने विचारलं, "घाई हाय का, सिस्टर?"
गाडी एकच. अख्ख्या तालुक्याला.
पुढचा फोन कोणाचा येईल, मला काय माहीत.
"हो," म्हटलं.

चंद्रपूरहून निरोप येत नसतो.
बरं झालेलं माणूस थेट बांधीत उतरतं,
आणि दुसरं जे, ते कळतं कधीतरी,
बसमध्ये, भलत्याच माणसाकडून.

पाच नंबर सकाळी चहा-बिस्किट खाऊन घरी गेला,
माझी तक्रार लिहून.

ड्युटी सोपवताना कागद चाळत होते.
बेड दोन. ताप, नाडी, बीपी,
आणि शेवटचा रकाना रिकामा.
प्रणोतीकडे पाहिलं. ती खाली बघत म्हणाली,
"मोजला नव्हता, मॅडम. म्हणून नाही लिहिला."

बावीस वर्षांत पहिल्यांदा
तो रकाना खरा दिसला मला.
पेन ठेवलं.
घड्याळ घेतलं, आणि दोन नंबरकडे गेले.